आवळलेल्या कामट्या

धाकटा भाऊ चिंचेवरून पडला. कोपराच्या वर हाड मोडलं. वडलांनी हाडवैद्याकडं नेलं. म्हाताऱ्यानं जन्मात कुणाचा पैसा घेतला नव्हता. बांबूच्या कामट्या लावून त्यानं करकचून बांधलं. रातभर पोर रडलं. "हाड सांधतंय, दुखणारच," असं मीच दटावलं. सकाळी बोटं गार, निळी पडलेली. टोचलं तरी कळंना.

तालुक्याच्या डॉक्टरनं कामट्या सोडल्या. म्हणाला, पोराचं हाड महिन्या-दीड महिन्यात सांधतं, पण रक्त अडलं की मांस काही तासांतच मरतं. बोटं वाकडीच राहिली.

म्हाताऱ्याला दोष देववत नाही, त्याच्या मनात पाप नव्हतं. माझ्या तरी कुठं होतं? पण गाठ सैल करायला मला कुणाची परवानगी हवी होती? भाऊ अजून शर्टाची बटणं डाव्या हातानं लावतो. मी तेवढा वेळ बाहेर जातो.