चिंधी किती दिवस ठेवावी?

श्रावस्तीच्या विहारात एक भिक्षू दान मिळालेलं कापड पुन्हा पुन्हा हाताने ताणत, सरळ करत बसला होता. चीवराला ते पुरत नव्हतं. ओढून-ताणून थोडं वाढलं तर पाहावं, असा त्याचा खटाटोप चालला होता. निवासांची पाहणी करत बुद्ध तिथे आले आणि त्यांनी कारण विचारलं. आणखी कापड मिळण्याची आशा आहे का, हेही विचारलं. भिक्षू हो म्हणाला. त्यावरून नियम ठरला: कापड अपुरं असेल आणि त्यात भर पडण्याची आशा असेल, तर ते जास्तीत जास्त एक महिना जवळ ठेवावं.

विनयपिटकातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथातली, ही हकिकत गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही बाईला परकी वाटणार नाही. पलंगाखाली, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत गाठोडी असतात. जीर्ण लुगड्याचे काठ, ब्लाउज बेतून उरलेले खण, सदऱ्याच्या बाह्या, धोतराचं धडुतं. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं. दर काही महिन्यांनी गाठोडं सुटतं, सुती एकीकडे, रेशमी दुसरीकडे, गडद-फिके वेगळे होतात आणि पुन्हा गाठ बसते. यात काटकसर आहे, चिकाटी आहे, हाताला काम आहे. पण हा अपरिग्रह म्हणायचा की परिग्रह? टाकाऊला जपणारी बाई त्यागाच्या वाटेवर असते की साठवणीच्या?

बौद्ध परंपरेने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे, कारण तिच्या भिक्षूंचं वस्त्रच तुकड्यांचं. मगधातली बांध घातलेली शेतं दाखवून बुद्धांनी शिष्य आनंदांना विचारलं, अशी चीवरं करता येतील का? आनंदांनी कापड कापून, पट्टे जोडून त्या शेतांच्या आखणीचं चीवर बेतलं. कापलेल्या कापडावर दुसऱ्याचा डोळा राहत नाही, हा फायदाही ग्रंथात नोंदवलेला आहे. महाकाश्यपांसारखे भिक्षू तर उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्यांचं पांसुकूल चीवर वापरत. म्हणजे ज्यांनी सगळं सोडलं, त्यांनाही चिंध्या गोळा कराव्या लागल्या, धुवाव्या लागल्या, लावून ठेवाव्या लागल्या. साठवणीचा प्रश्न त्यांच्याही दाराशी आलाच.

त्यावर संघाने काढलेला तोडगा कालमर्यादेचा आहे. जास्तीचं चीवर दहा दिवस ठेवता येतं. या दहा दिवसांमागेही एक माणूस आहे. आनंदांना एक जादा चीवर मिळालं होतं आणि ते त्यांना सहभिक्षू सारिपुत्तांना द्यायचं होतं. पण सारिपुत्त होते साकेतला. ते नवव्या-दहाव्या दिवशी परततील असं कळल्यावर मुदत दहा दिवसांची झाली. कापड कोणासाठी ठेवलं आहे, हे आधी विचारलं गेलं आणि किती दिवस, हे त्यावरून ठरलं.

मुदत उलटली तर? भिक्षूने ते कापड संघापुढे सोडून द्यायचं आणि दोष कबूल करायचा. त्यानंतर ते कापड त्यालाच परत द्यायचं! कापड जप्त करण्यात नियमाला रस नाही. ‘हे माझं’ म्हणून वळलेली मूठ एकदा सर्वांसमक्ष उघडावी, एवढंच त्याला हवं आहे. जैन विचारही याच दिशेने जातो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही. वस्तूविषयी मनाला येणारी मूर्च्छा, तिच्यातली गुंतवण, हा तिथे परिग्रह ठरतो. या हिशेबाने चार चिंध्यांचा मोह परिग्रह होऊ शकतो आणि चाळीस गाठोडी निर्मोही असू शकतात.

पण निर्मोही असल्याची खूण कोणती? माझा चिंध्यांवर जीव नाही, असं म्हणायला काहीच लागत नाही. कौशांबीच्या उदयन राजाची कथा इथे उपयोगी पडते. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर राजाच्या राण्यांनी आनंदांना ५०० वस्त्रं दिली. राजा चिडला. श्रमणाला एवढी वस्त्रं कशाला, कापडाचं दुकान मांडायचं आहे की काय, असा त्याचा सवाल. त्याने आनंदांना गाठून तो विचारला. ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना वाटणार, असं आनंदांनी सांगितलं. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं. जुन्या पांघरुणांचं? गादीचे अभ्रे. अभ्रे विरले की जमिनीवरचं अंथरूण, त्याचं पुढे पायपुसणं, मग धूळ झटकायचं फडकं. आणि फडकंही संपलं की त्याचे बारीक तुकडे करून चिखलात कालवायचे आणि त्याने जमीन सारवायची. राजाने खूश होऊन आणखी ५०० वस्त्रं दिली.

आनंदांच्या उत्तरात वैराग्यावर एक अक्षर नाही. आहे तो कापडाचा पुढचा प्रवास, टप्प्याटप्प्याने, अगदी मातीत मिसळेपर्यंत. आपल्या हातातली वस्तू पुढे कुठे जाणार हे ज्याला नेमकं सांगता येतं, त्याला तिचा मोह नाही असं मानायला जागा आहे. ‘कधीतरी लागेल’ म्हणणाऱ्याला मात्र ते सांगता येत नाही.

महाराष्ट्रात याच विचाराचा हिशेब दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे पांडवलेण्यांत, राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवली आणि त्यातले २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने गुंतवले. वर्षाचं व्याज २४०. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही लेखात स्पष्ट आहे. इतका पैसा साठवलेला, पण त्यातल्या प्रत्येक नाण्याचा माणूस ठरलेला.

आणि गाडगेबाबा! अंगावर ठिगळांचं वस्त्र, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. त्यांच्या शब्दाखातर लाखो रुपये जमले, त्यांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. चिंध्या अंगावर होत्या, संपत्ती हातातून पुढे जात होती. १९५६ साली ते गेले तेव्हा स्वतःचं म्हणावं असं त्यांच्यापाशी काही नव्हतं.

साठवणीचा प्रश्न असा बराच सुटतो. कामाचा प्रश्न अधिक अवघड आहे. हात चालू असले की मन शांत राहतं, हा पुष्कळ बायकांचा अनुभव आहे आणि त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. क्षणभरही कोणी कर्माशिवाय राहत नाही, असं गीता सांगते. पण त्याच तिसऱ्या अध्यायात इंद्रियं आवरून मनाने विषयांचं चिंतन करणाऱ्याला ती मिथ्याचारी म्हणते. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे: हात अखंड चालू ठेवून जे पाहायचं त्याच्याकडे पाठ फिरवता येते. गाठोडं सोडणं, लावणं, बांधणं हे वर्षानुवर्षं चालू शकतं आणि एकही गोधडी होत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी या जागी पाहण्यासारखी आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या आणि तिथून घाटावरच्या रानात निसटलेल्या गुलामांचे हे वंशज. आधी सगळे तुकडे लावून, जुळवून मग शिवायचं, अशी यांची रीत नाही. खाली जुनी साडी पसरायची, कोपऱ्यापासून सुरुवात करायची, हाताला येईल तो तुकडा कडा आत दुमडून धावदोऱ्याने टाचायचा. चारी कडांनी फिरत फिरत टाके आत येतात आणि गोधडी मध्यावर पुरी होते. कुठला रंग कुठे, हे सुई चालू असतानाच ठरतं. शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं बसवतात. त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. ख्रिस्ती बायका कधी क्रूस शिवतात, मुसलमान बायका चंद्रकोर. इथे निवड आणि टाका वेगळे पडत नाहीत, म्हणून कामात गुंतून काम टाळायला वाव राहत नाही.

तरीही काही चिंध्यांना हे सगळं लागू करायला मन धजत नाही. गेलेल्या माणसाचे कपडे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर, गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या मिसूरी पेटवेचा नवरा वारला. १९४२ साली तिने त्याचे शेतात वापरलेले जुने कपडे उसवले आणि मुलीला हाताशी घेऊन त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून, असं त्या मुलीने, आर्लोन्झियाने, पुढे सांगितलं. कपडे पेटीत घडी घालून ठेवले असते तर टिकले असते. मिसूरीने ते वापरात आणले, म्हणजे झिजायला काढले.

तिच्या दुःखात ओढ आहे, मूर्च्छाही असेल. पण ती ओढ तिने कामाला लावली आणि कामाला शेवट होता: पांघरता येईल एवढी गोधडी झाली की काम संपलं. मोह नाहीसा झाल्यावरच माणसाने वस्तूला हात लावावा, अशी अट कठोर विचारवंत घालतील. मिसूरीच्या उदाहरणावरून मात्र वाटतं, की मोह शिवता शिवता निवळू शकतो. ते कपडे आता तिच्या एकटीचे राहत नाहीत. त्या पांघरुणात लेकरूही शिरतं.

आपल्याकडे या दोन्ही अटी, माणूस आणि मुदत, बाळंतविड्यात आपोआप येतात. दिवस गेल्याचं कळलं की आजी गाठोडं सोडते. ट्रंकेतलं मऊ सुती लुगडं निघतं, विरलेला मधला भाग बाजूला होतो आणि काठाजवळच्या धड भागाची दुपटी, कुंची, झबली होतात. काय ठेवायचं याचा घोळ होत नाही, कारण अंगाला टोचेल ते सगळं बाद. आणि बारसं काही आजीच्या सवडीने थांबत नाही. पुढे दुपट्याची लंगोटी होते, लंगोटीचं फडकं, आणि मोठी बहीण त्याच फडक्याने पाटी पुसते.