आत काय दडले आहे?



'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जगातल्या जुन्या कथाही तेच सांगतात. पण त्या वाचून कुतूहलच वाईट, असे आपण ठरवून टाकतो. ते खरे आहे का?

पँडोराची ग्रीक कथा पाहू या. तिने पेटी उघडली आणि जगभर दुःखे पसरली, असे आपण ऐकतो. ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास हेसिअड या कवीने ही कथा लिहिली, तेव्हा तिच्यात पेटी नव्हती, मोठा रांजण होता. त्याची पेटी झाली ती १६ व्या शतकात, इरॅस्मस या विद्वान धर्मगुरूच्या लॅटिन लेखनातून. पँडोराने रांजण कुतूहलापोटी उघडला, असेही हेसिअड म्हणत नाही. झ्यूसची भेट घेऊ नकोस, असे प्रोमिथिअसने भावाला बजावले होते. देखणी पँडोरा दारी आली आणि भाऊ ती ताकीद विसरला. घात झाला तो तिथेच.

ट्रॉयची कथा तर याच्या उलट आहे. रोमन कवी व्हर्जिल सांगतो, की ग्रीक सैन्य लाकडी घोडा ठेवून निघून गेले. लाओकून या पुरोहिताला संशय आला. त्याने भाला फेकला, आतून पोकळ आवाज आला. पण घोडा म्हणजे देवीला वाहिलेली भेट आहे, असे एका ग्रीकाने पटवून दिले. मग कोणी आत डोकावले नाही. लोकांनी स्वतःच तटबंदी फोडून घोडा आत घेतला आणि त्याच रात्री नगर जळाले. इथे कुतूहल कमी पडले. फसवणूक देवाधर्माच्या वेषात आली, म्हणून विचारायला जीभ रेटली नाही.

एदेन बागेत एवेला फळ देखणे वाटले. शंका मनात येणे हे पाप नव्हते. पण ती शंका तिने सापाशी बोलून मिटवली. ज्याने ते झाड लावले, तो परमेश्वर त्याच बागेत फिरत असे. त्याला विचारता आले असते.

आता जक्कय पाहा. येशू कोण आहे हे पाहण्यासाठी हा श्रीमंत मुख्य जकातदार, लोक हसतील याची पर्वा न करता, झाडावर चढला. त्यानेही धोका पत्करला. पण तो उजेडात, सर्वांसमोर. प्रभूने वर पाहिले आणि त्याच्या घरी तारण आले.

म्हणून आपण कुतूहल मारू नये, त्याला वाट दाखवावी. मोबाईलवर बक्षिसाचा संदेश येतो, परदेशातल्या नोकरीचे आमिष येते, कोणी देवाच्या नावाने पैसे मागतो. तेव्हा हात पुढे करण्याआधी घरात विचारू या. 'हे कुणाला सांगू नका' असे कोणी म्हणाले, की तिथेच थांबू या. आणि घरातले मूल प्रश्न विचारते, तेव्हा 'गप्प बस' म्हणू नये. आज आपण त्याला गप्प केले, तर उद्या ते उत्तर कुणाकडे शोधेल?

पारखण्याची बुद्धी आणि विचारण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांना देवो.