मेंढपाळ कोणी निवडावा?

२२ सप्टेंबर २०१८ रोजी बीजिंग येथे रोमचे परमपीठ आणि चीनचे सरकार यांच्यामध्ये एक हंगामी करार झाला. चीनमधील कॅथलिक बिशपांची नियुक्ती कशी व्हावी, हा त्याचा विषय. कराराचा मजकूर प्रसिद्ध करण्यात आलेला नाही. तरीही २०२०, २०२२ आणि २०२४ अशी तीन वेळा त्याची मुदत वाढवण्यात आली. कोणी त्याला शहाणपणाची तडजोड म्हटले, कोणी शरणागती. आपल्या धर्मग्रामांत मात्र या वादाकडे दूरदेशीची एक बातमी म्हणूनच पाहिले गेले. वास्तविक बिशप राजाने नेमावा की ख्रिस्तसभेने, या प्रश्नाने अंधेरी, मरोळ, वांद्रे, माहीम येथील आपल्या पूर्वजांना पिढ्यानपिढ्या छळले आहे. चीनविषयी मत बनवण्यापूर्वी आपल्याच अंगणातला हा इतिहास आपण डोळ्यांखालून घालावा, असे आम्हाला वाटते.

पोप महोदयांनी पोर्तुगालच्या राजाला एक अधिकार दिला होता. सागरापलीकडे धर्मप्रसाराचा खर्च राजाने उचलावा, चर्च बांधावीत, धर्मगुरूंचा चरितार्थ चालवावा. आणि त्याच्या मोबदल्यात तेथील बिशपांची नावे राजाने सुचवावीत. या व्यवस्थेला पाद्रुआदो म्हणत. १५३४ नंतर वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. अंधेरीजवळ कोंडिविटे येथे जेज्विट धर्मगुरूंनी १५७९ साली संत जॉन बाप्टिस्टाचे चर्च उभारले, तेही याच व्यवस्थेच्या छायेत. या वाटेने श्रद्धा आपल्यापर्यंत पोहोचली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ज्याच्या छत्राखाली आपण उभे राहतो, त्याच्या शत्रूंचे आपणही शत्रू ठरतो, हेही तितकेच खरे आहे.

मुंबई बेट इंग्रजांकडे गेले, तेव्हा याचा प्रत्यय आला. गोव्याच्या आर्चबिशपांना मानणारे धर्मगुरू म्हणजे पोर्तुगालच्या राजाची माणसे, असा संशय कंपनी सरकारला येऊ लागला. १७२० साली सरकारने त्यांना बेटाबाहेर काढले आणि रोमहून थेट नेमलेल्या कार्मेलाईट संघाच्या बिशपांना पाचारण केले. पुढे १७८९ साली तेच अधिकार पुन्हा गोव्याला दिले, १७९१ साली परत घेतले आणि १७९४ साली बेटावरील चर्चेस दोन्ही पक्षांत वाटून टाकली. आपल्या पूर्वजांनी मिस्सा कोणाच्या हातून ऐकावी, पापनिवेदन कोणापाशी करावे, हे ज्या व्यापारी कंपनीने ठरवले, तिला आपल्या श्रद्धेशी काडीचेही कर्तव्य नव्हते.

या फाळणीने भाऊ भावापासून तुटला. १८५३ साली वरच्या माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून झालेला तंटा प्रसिद्ध आहे. रोमने नेमलेले बिशप हार्टमन काही दिवस त्या चर्चमध्येच कोंडले गेले, बाहेर विरुद्ध पक्षाचे लोक ठाण मांडून बसले. अखेरीस सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून चर्च पाद्रुआदोच्या पक्षाकडे सोपवले. आत आणि बाहेर दोन्हीकडे कॅथलिकच होते, दोघांची प्रार्थना एक होती, दोघांची श्रद्धा एक होती. भांडण देवाविषयी नव्हते, राजाविषयी होते.

साष्टीत याच काळाची दुसरी बाजू दिसते. १७३९ साली मराठ्यांनी वसई आणि साष्टी जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर युरोपीय धर्मगुरूही गेले. रक्षणकर्ता राजाच उरला नाही, तेव्हा श्रद्धाही लयाला जायला हवी होती. तसे घडले नाही. एतद्देशीय धर्मगुरूंनी, शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी ती मराठी मुलखात, मराठी बोलीत सांभाळली. १८४० च्या सुमारास साथ आली, कोंडिविट्याचे चर्च ओस पडले आणि लोक मरोळला गेले. जुन्या चर्चच्या भिंती १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झच्या कुंपणाआड आजही उभ्या आहेत. तेथे मिस्सेसाठी जायचे तर परवानगी काढावी लागते. एका राज्याच्या छत्राखाली चर्च उभे राहिले, दुसऱ्या राज्याने त्याला कुंपण घातले; श्रद्धा मात्र लोकांच्या पावलांनी केव्हाच मरोळला पोहोचली होती.

इतके होऊनही राजाश्रयाचा मोह सुटला नाही. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपण वेगळे आहोत, आपण इंग्रजांचे जुने प्रजाजन आहोत, हे ठसवण्यासाठी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, येथील समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. ज्या ईस्ट इंडिया कंपनीवरून ते नाव घेतले, ती १८७४ सालीच विसर्जित झाली होती! पूर्वजांना हसण्याचा आमचा हेतू नाही. नोकऱ्या सरकारच्या हाती होत्या, पोटाचा प्रश्न खरा होता. पण ज्या समाजाच्या घरात मराठी बोलली जात होती, ज्याच्या लग्नात उंबराच्या पाण्याचा विधी होत होता, त्याला आपली ओळख सांगण्यासाठी परक्या कंपनीचे नाव उसने घ्यावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

१९२८ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्या करारान्वये मुंबईचे दुहेरी राज्य संपले. पण कसे? मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, असे ठरले! भारतीयाची पाळीच त्यात नव्हती. आर्चबिशप लिमा यांच्यानंतर १९३७ साली आलेले इंग्रज जेज्विट आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांना ही व्यवस्था मान्य नव्हती. भारतीय धर्मगुरू व्हॅलेरियन ग्रेशस १९४६ साली सहायक बिशप झाले. त्यांच्या हाती कारभार सोपवून रॉबर्ट्स मुंबईहून निघून गेले. १९५० साली पोर्तुगालने भारतीय प्रदेशातील आपला हक्क सोडला आणि त्याच वर्षी ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ साली ते पहिले भारतीय कार्डिनल झाले. त्याच सुमारास प्रजासत्ताक झालेल्या भारताने बिशप नेमण्याचा हक्क स्वतःकडे मागितला नाही. उलट संविधानाच्या कलम २६ ने प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार आपणच पाहण्याची मोकळीक दिली.

आता चीनकडे वळू. तेथेही ख्रिस्ती धर्मावर परकेपणाचा आरोप होता आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. १५७८ साली गोव्यात उतरलेले आणि १६०१ साली बीजिंगला पोहोचलेले मातेओ रिची चिनी विद्वानांच्या वेशात, चिनी भाषेत बोलले. पण पूर्वजांना आदरांजली वाहण्याच्या चिनी विधींना अठराव्या शतकात रोमने मनाई केली. ती १९३९ साली उठली. दरम्यान १८५८ आणि १८६० च्या तहांनी फ्रान्स तेथील कॅथलिक मिशनांचा रक्षक बनला. त्या रक्षणाची किंमत १९०० सालच्या बॉक्सर उठावात हजारो चिनी ख्रिस्ती लोकांनी प्राण देऊन मोजली. आपल्या पाद्रुआदोचे हे सख्खे भावंडच म्हणावे लागेल.

मात्र रोग सारखा असून उपचार वेगळा झाला. चीनमध्ये परक्या राजाचा हात दूर सारून तेथे स्वदेशी सरकारचा हात आला. १९५७ साली सरकारच्या देखरेखीखाली कॅथलिक देशभक्त संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षापासून रोमच्या संमतीवाचून बिशपांचा अभिषेक होऊ लागला. शांघायचे बिशप इग्नेशियस कुंग यांनी यापूर्वीच नकार दिला होता. १९५५ साली त्यांना अटक झाली आणि सुमारे तीस वर्षे ते कैदेत राहिले. करारानंतरही, २०२३ च्या एप्रिलमध्ये, शांघायला बिशप पाठवले ते सरकारने. पोप महोदयांनी त्यांना मान्यता दिली ती जुलैमध्ये.

हा सारा केवळ साम्यवादाचा परिणाम आहे, असे म्हणता येत नाही. चीनचे सम्राटही मठांवर देखरेख ठेवत आणि लोकदेवतांना पदव्या बहाल करत. परंतु हा चिनी माणसाचा स्वभावच आहे, असेही नव्हे. तैवानात तोच वंश आणि तीच संस्कृती आहे. तेथे १९८७ साली लष्करी कायदा उठला आणि आज मंदिरे, मठ व चर्चेस आपापला कारभार मोकळेपणाने करतात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. रोमच्या पीठालाही राजदूत आहेत. मग रोमने बिशप नेमणे हासुद्धा परकीय हस्तक्षेपच नव्हे काय? आम्हाला वाटते, नियुक्तीचे पत्र कोठून आले, एवढ्यावरून याचा निर्णय होत नाही. बिशपाचा उपयोग कोणासाठी होतो, ही खरी कसोटी. पोर्तुगालचा राजा बिशप सुचवी, तेव्हा तो आपले राज्यही सांभाळत असे. म्हणूनच राज्यांच्या सीमा बदलल्या, की धर्मग्रामांचेही तुकडे होत. रोमनेही या मोहाला बळी पडू नये, म्हणूनच १९५५ साली पोप पायस बारावे यांच्या भेटीनंतर पंडित नेहरूंना सांगता आले, की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोप महोदयांनाही मान्य आहे. भारतीय कॅथलिकाला तेव्हा देश आणि श्रद्धा यांतून एकाची निवड करावी लागली नाही.

सरकारने निवडलेल्या मेंढपाळाची अडचण निराळीच असते. सरकार चुकले, तर त्याला तसे म्हणता येत नाही. आणि ज्याला आपल्या राष्ट्राला कधीच ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याची देशभक्ती राष्ट्राच्या फारशी कामाची नसते. नाण्यावर कैसराची मुद्रा होती, म्हणून ते कैसराला द्यायचे. पण माणसावर मुद्रा आहे ती त्याला घडवणाऱ्याची. कर भरावा, कायदा पाळावा, देशासाठी कष्ट करावेत, प्रसंगी प्राणही द्यावेत. सदसद्विवेक मात्र कोणत्याही सरकारकडे गहाण ठेवू नये. २०१८ चा करार योग्य की अयोग्य, हा निकाल येथे घरी बसून देणे आम्हाला उचित वाटत नाही. चीनमधील ख्रिस्ती कुटुंबांनी जे सोसले, ते आपण सोसलेले नाही. परंतु त्या कराराची चर्चा करताना कुंग यांची तीस वर्षे विसरली जाऊ नयेत.

आपल्यापुरता धडा साधा आहे. आजही आपल्यापैकी कोणाला अधूनमधून विचारले जाते, ‘तुम्ही आधी भारतीय की आधी ख्रिस्ती?’ अशा वेळी घाबरून एखाद्या बलवान छत्राखाली शिरावेसे वाटते. सणाच्या मंडपात पुढाऱ्यांचे फलक लागतात, मतांच्या मोबदल्यात आश्वासने मागितली जातात. पण पाद्रुआदो असो वा व्हिक्टोरिया राणी, आश्रयाची किंमत आपल्या समाजाने प्रत्येक वेळी चुकती केली आहे. या देशात आपला हक्क संविधानाने दिला आहे. तो नागरिक म्हणून मागावा, आश्रित म्हणून नव्हे. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याचा हक्क धोक्यात येईल, तेव्हा त्याच्यासाठीही तितक्याच निर्धाराने उभे राहावे. घरात मुलांना साष्टीची आणि मुंबईची ही हकीकत सांगितली, तर वरील प्रश्न कानी पडल्यावर ती गोंधळणार नाहीत, असा आम्हाला विश्वास वाटतो.