यहूदाने ठोठावलेले दार

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या आरंभी अवघ्या काही ओळींचा एक प्रसंग आहे. पवित्र आठवड्यात तो आपल्या कानांवरून जातो. परंतु त्याच्यापुढे पिलाताचा वाडा, काट्यांचा मुगुट आणि क्रूसाची वाट एवढी मोठी उभी असते की या प्रसंगापाशी थांबण्याची उसंत कुणाला मिळत नाही. येशूला दोषी ठरवले हे पाहून यहूदाला पस्तावा होतो. घेतलेली तीस नाणी तो मुख्य याजकांकडे परत नेतो आणि आपण एका निर्दोष माणसाला मृत्यूच्या हाती दिले, हे पाप केले, अशी उघड कबुली देतो. त्यावर ते त्याला सांगतात की, याच्याशी आमचा काही संबंध नाही, तुझे तू पाहून घे. मग नाणी मंदिरात फेकून तो निघून जातो आणि स्वतःला गळफास लावून घेतो.

प्रायश्चित्त संस्काराची तयारी करताना आपण लहानपणी जे शिकलो ते येथे आठवून पाहावे. पापाविषयी मनापासून दुःख, पापाची कबुली आणि झालेल्या हानीची भरपाई. यहूदाने यांपैकी काय केले नाही? दुःख त्याला झाले. कबुली त्याने दिली, तीही आडपडदा न ठेवता. पैसे तर त्याने अखेरच्या नाण्यापर्यंत परत केले. आपल्यापैकी कितीजण एवढे करतात हा प्रश्न सोडूनच देऊ. काही भाष्यकार म्हणतात की, मत्तयाने येथे योजलेला ग्रीक शब्द पूर्ण हृदयपालटाचा नसून नुसत्या पस्ताव्याचा आहे. असेल. परंतु ज्याने आयुष्याचा शेवट करण्याइतके दुःख केले, त्याचा पस्तावा वरवरचा होता असे म्हणण्यास माझे मन धजत नाही.

मग उणे कोठे पडले? यहूदाला आशा उरली नाही, असे उत्तर आपण देतो आणि ते खरे आहे. मात्र आशा ही माणसाच्या मनात आपली आपण उगवणारी वस्तू नव्हे. ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून आपल्यापर्यंत येते. यहूदा ज्या दारी गेला, तेथल्या लोकांचा त्याच्याशी असलेला व्यवहार आदल्या रात्रीच संपला होता. तो चुकीच्या दारी गेला आणि त्या दाराने त्याला त्याच्या पापासकट त्याच्याच हवाली केले.

आता पेत्राकडे पाहावे. प्रमुख याजकाच्या अंगणात निखाऱ्यांपाशी शेकत असताना त्याने तीनदा सांगितले की, या माणसाला मी ओळखत नाही. हा गुन्हा यहूदाच्या गुन्ह्याहून लहान होता काय? यहूदाला निदान पैसे मिळाले. पेत्राने एका दासीच्या प्रश्नाला भिऊन, फुकटात, आपल्या गुरूला नाकारले. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला, एवढे आपणा सर्वांना पाठ असते. त्यानंतरची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. रविवारी पहाटे मग्दालियाची मरिया कबरीकडून धावत आली, ती थेट पेत्राकडे आली. म्हणजे तो कोठे होता हे तिला ठाऊक होते. तो इतर शिष्यांच्या संगतीत होता. शुक्रवार आणि शनिवार या दोन दिवसांत त्याला कुणीही ‘तुझे तू पाहा’ असे म्हटले नव्हते. कसे म्हणणार? बहुतेक सगळेच पळाले होते.

पुढे तिबिर्याच्या समुद्रकाठी उजाडता उजाडता पुन्हा एक निखाऱ्यांचा विस्तव दिसतो, त्यावर मासे भाजत ठेवलेले असतात. योहानाने या दोन्ही ठिकाणी ग्रीक भाषेतला एकच शब्द वापरला आहे आणि तो संपूर्ण नव्या करारात इतरत्र येत नाही. पहिल्या विस्तवापाशी तीन नकार, दुसऱ्यापाशी प्रीतीविषयी तीन प्रश्न. प्रभूने पेत्राला त्या रात्रीविषयी एकही शब्द विचारला नाही. परंतु वास मात्र तोच दरवळत ठेवला. आधी न्याहारी दिली आणि नंतर प्रश्न केले, हा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे.

यहूदाचे दार कायमचे बंद झाले असे ख्रिस्तसभेने कधीही घोषित केलेले नाही. अमुक माणूस संत आहे असे ती सांगते; अमुक माणूस नरकात आहे असे तिने एकाही नावाविषयी सांगितलेले नाही. फ्रान्समधील व्हेझले येथे मग्दालियाच्या मरियेच्या महामंदिरात बाराव्या शतकातील एक स्तंभशीर्ष आहे. त्याच्या एका बाजूला गळफास घेतलेला यहूदा कोरलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस मृतदेह खांद्यांवर घेऊन निघालेला आहे, मेंढपाळ मेंढरू घेतो तसा. हा उत्तम मेंढपाळच होय, असा अर्थ अनेकांनी लावला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांना या शिल्पाने फार विचारात पाडले होते. त्या अनाम पाथरवटाने धर्मसिद्धांत मांडला नाही. त्याने आशा कोरली.

या आशेला आधार काय? नव्या करारातील एक क्रियापद यावर प्रकाश टाकते. यहूदाने येशूला ‘हवाली केले’ असे सांगताना जो ग्रीक शब्द येतो, तोच शब्द पिलाताने त्याला क्रूसाच्या हवाली केले येथेही येतो. संत पौल जेव्हा रोमकरांस लिहितो की, पित्याने आपल्या पुत्राला राखून न ठेवता आपणा सर्वांसाठी दिले, तेव्हाही तोच शब्द. आणि गलतीकरांस पुत्राने स्वतःला माझ्यासाठी दिले असे लिहितानाही तोच. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आपणही ‘धरून देणे’ म्हणतो आणि ‘स्वतःला देणे’ म्हणतो; देणे दोन्हीकडे आहे. यहूदाने जे धरून दिले, ते ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर मोडताना आधीच देऊन टाकले होते. देवाला तारणासाठी यहूदाच्या विश्वासघाताची गरज होती, असा याचा अर्थ नव्हे. तसे म्हटले तर देवच कटातला भागीदार ठरेल. अर्थ एवढाच की, माणसाने केलेला घात ख्रिस्ताने आपल्या हातात घेतला आणि त्याचे दान केले. बलिदान म्हणतात ते याला.

तथापि हे सगळे उपासनेत ऐकायला सोपे आहे. एखाद्या धर्मग्रामात खरोखरच विश्वासघात होतो तेव्हा काय करावे?

सन 250 मध्ये रोमन सम्राट देसियुस याने सर्व प्रजेला दैवतांपुढे बली अर्पण करण्याचा आणि तसा दाखला घेण्याचा हुकूम काढला. असे काही दाखले इजिप्तच्या वाळूत जसेच्या तसे सापडले आहेत. पोप फाबियन यांच्यासारखे काहीजण प्राणास मुकले. फार मोठ्या संख्येने लोक मात्र रांगेत उभे राहिले. काहींनी बली दिला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. (माणसाची ही युक्ती फार जुनी आहे.) छळ ओसरल्यावर हे लोक चर्चच्या दारी आले. रोममध्ये नोव्हाशियन म्हणाला की, त्यांना कदापि आत घेऊ नये. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांना दोन टोकांशी झुंजावे लागले. आजच्या आज, काहीही न विचारता आत घ्या असे म्हणणारेही होते. 251 मधील धर्मसभेत त्यांनी प्रत्येकाचा प्रसंग पाहून प्रायश्चित्त ठरवले. पुढे पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांना परत घेण्याचा निर्णय झाला. कारण मोठे मार्मिक होते: ज्यांना उद्या रक्त सांडावे लागेल, त्यांना आज ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारून कसे चालेल? सिप्रियन स्वतः 258 मध्ये रक्तसाक्षी झाले.

सिप्रियन यांचा मध्यममार्ग आपल्या गावांतही उपयोगी पडावा. हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेऊन तिचा वाटा गिळणारा भाऊ हा काही सम्राटाच्या भीतीने पडलेला माणूस नव्हे. तरीही तो घात करणाराच आहे. त्याच्याशी आपण दोन प्रकारे वागतो. एक तर काही घडलेच नाही असे समजून त्याला सणाच्या मिरवणुकीत पुढे करतो किंवा त्याचे तो पाहील म्हणून पाठ फिरवतो. वाटा परत कर आणि ये, आम्ही वाट पाहतो, असे त्याच्या घरी जाऊन सांगणारा क्वचितच भेटतो.

कार्थेजला निदान दार होते आणि दारात बिशप होता. दारच नाहीसे झाले तर? हा प्रश्न जपानमध्ये उभा राहिला. वसईच्या वाचकांना त्या देशाची ओळख संत गोन्सालो गार्सिया यांच्यामुळे आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर खिळलेल्या सव्वीस जणांत आपल्या वसईचा हा सुपुत्र होता. पुढे 1614 मध्ये सबंध देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि छळाची रीत बदलली. सत्ताधाऱ्यांना कळून चुकले की, मेलेला ख्रिस्ती पूज्य होतो, पडलेला मात्र सर्वांना खाली ओढतो. ऑक्टोबर 1633 मध्ये येशूसंघाचे तेथील प्रमुख क्रिस्तोव्हाव फेरेइरा यांना खड्ड्यात उलटे टांगण्यात आले. सुमारे पाच तासांनी त्यांनी श्रद्धा सोडली. त्यांच्याबरोबर टांगलेले वृद्ध जपानी धर्मगुरू जुलियान नाकाउरा, जे कुमारवयात युरोपला जाता-येता गोव्यात राहून गेले होते, ते डगमगले नाहीत आणि तीन दिवसांनी मरण पावले. फेरेइरा पुढे जपानी नाव घेऊन जगले आणि 1636 मध्ये ख्रिस्ती धर्माचे खंडन करणारा ग्रंथ त्यांच्या नावे लिहिला गेला.

सामान्य माणसांसाठी दुसरी परीक्षा होती. नागासाकीच्या परिसरात दरवर्षी घरोघरच्या लोकांना ख्रिस्ताची किंवा मरियामातेची प्रतिमा पायाखाली तुडवावी लागे. तिला फुमिए म्हणत. उराकामीच्या गुप्त ख्रिस्ती कुटुंबांनी दोनशेहून अधिक वर्षे ती तुडवली आणि घरी येऊन, दारे लावून, ‘कोन्चिरिसान’ म्हटले. हा शब्द पश्चात्तापाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. धर्मगुरू नसताना परिपूर्ण पश्चात्ताप कसा करावा हे शिकवणारी पुस्तिका 1603 च्या सुमारास बिशप सेरकेरा यांच्या काळात तयार झाली होती. तिच्या हस्तलिखित नकला पिढ्यानुपिढ्या जपल्या गेल्या.

येथे नोव्हाशियनच्या पंथाचा माणूस लगेच उभा राहील. पुन्हा पाप न करण्याचा निश्चय नसेल तर तो पश्चात्ताप कसला? येत्या वर्षी पुन्हा तुडवणार हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिची प्रार्थना ही देवाशी केलेली लबाडी नव्हे काय? हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. नाकाउरांनी तीन दिवस जे सोसले त्याची किंमत यामुळे कमी होते, असेही कुणाला वाटेल. परंतु मला दिसते ते असे: त्या बाईने तुडवणे योग्य आहे असे एकदाही म्हटले नाही. तिने आपल्या भीतीचे तत्त्वज्ञान केले नाही. दरवर्षी तिने पापाला पाप म्हटले आणि मुलांनाही तेच शिकवले. तिची भीती तिच्या निश्चयाहून मोठी होती, एवढेच. पेत्राचीही होती, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याचा निश्चय खोटा नव्हता. फेरेइरा यांच्या पाच तासांबद्दल बोलण्याचा अधिकार खड्डा न पाहिलेल्या माणसाला नाही. मला व्यथित करतो तो त्यांच्या नावावरचा ग्रंथ. पडणे निराळे आणि पडल्या जागेला घर म्हणणे निराळे.

17 मार्च 1865 रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामीची काही माणसे आली. आमचे हृदय आपल्यासारखेच आहे, असे एका स्त्रीने फादर पेतीजाँ यांच्या कानात सांगितले आणि मरियामातेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. ही सगळी फुमिए तुडवणाऱ्यांची लेकरे होती. बंदी तेव्हा उठली नव्हती. लवकरच उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घरादारासह हद्दपार करण्यात आले आणि सहाशेहून अधिक त्या हालांत दगावले. ज्यांचे पूर्वज दोन शतके वाकत आले, त्यांतले बहुतेक या वेळी वाकले नाहीत. काही वाकले, पण परत आल्यावर त्यांनाही दार उघडे मिळाले.

1873 मध्ये ते गावी परतले तेव्हा शेते पडीक होती, घरे मोडली होती. काही वर्षांनी त्यांनी पैसा पैसा जमवून गावच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. याच वाड्यात दरवर्षी त्यांच्या आईबापांना रांगेने उभे करून प्रतिमा तुडवायला लावली जात असे. तेथे त्यांनी विटांचे चर्च बांधले. ते 1914 मध्ये पूर्ण झाले. 9 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी अणुबाँब फुटला, तेव्हा त्या चर्चमध्ये मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून लोक आले होते आणि दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते. त्यांपैकी कुणीही वाचले नाही. 1959 मध्ये त्याच जागी नवे चर्च उभे राहिले.