बेगमी आणि किल्ली

मृग लागायच्या आत घरची बेगमी करून ठेवावी, ही आपल्या नांदेड-लातूरकडची जुनी रीत. ज्वारीला ऊन द्यायचे, डाळी भरडून घ्यायच्या, मीठ-मिरची भरायची, सरपण आडोशाला लावायचे आणि मग आभाळाकडे बघायचे. वारकऱ्याच्या मासिकात कणगीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला आम्ही उलट विचारतो, उपाशी पोराच्या रडण्यात हरिपाठ ऐकू येतो काय?

आपल्यात एक समज आहे. ज्याने चोच दिली तो चारा देईल. साठवण करणे म्हणजे विठोबावर भरवसा नसणे. ऐकायला हे गोड लागते. पण आषाढीला निघणारी कोणतीही दिंडी पाहा. निघण्याआधी आठ दिवस पीठ, डाळ, तेल, गूळ, चहा-साखर यांचा हिशेब चाललेला असतो. मुक्काम किती, ताटे किती, पाण्याचा टँकर कोणाचा, गोळ्या-औषधांची पेटी कोणाकडे, हे सारे ठरल्याशिवाय विणेकरी पाऊल उचलीत नाही. त्याचा भरवसा उणा आहे असे कोण म्हणेल? शिधा मागच्या गाडीत आहे म्हणून तर मुखात नाम मोकळे राहते.

दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात शंभर वेळा ऐकतो. मंगळवेढ्यास ते बीदरच्या बादशहाचे अंमलदार होते. बीदर म्हणजे काही परमुलूख नव्हे, आपल्या उदगीरला लागूनच. दुष्काळ पडला, माणसे दारात येऊन पडू लागली आणि पंतांनी सरकारी कोठारे लुटवली. पुढे विठू महार होऊन देवाने बादशहापुढे रक्कम ओतली, इथे आपण टाळी वाजवतो. पण टाळीच्या भरात एक गोष्ट निसटते. कोठारे भरलेली होती म्हणून पंतांना लुटवता आली! ती रिकामी असती तर पंतांपाशी अश्रूंखेरीज द्यायला काय होते? आणि दुसरी गोष्ट अधिक झोंबणारी. कोठारे भरलेली असूनसुद्धा बाहेर माणसे मरत होती. धान्य होते, अडला होता तो दरवाजा. दामाजीपंतांनी नवा दाणा पिकवला नाही, कुलूप उघडले, एवढेच.

आपल्या वाडवडिलांची पेवे आठवतात का? पांढरीच्या कोरड्या जमिनीत खोल खणायचे, आतून कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरून वर माती दाबून तोंड बंद करायचे. जागा कोरडी असली तर दाणा वर्षानुवर्षे टिके. मात्र पेव उघडल्यावर कोणी शहाणा माणूस लगेच आत उतरत नसे. कोंडलेल्या धान्याचा श्वास आत साचून विषारी हवा तयार होते. पटकन उतरलेली माणसे आतल्या आत गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तोंड मोकळे ठेवायचे, कंदील दोरीने खाली सोडून बघायचे, दिवा विझला तर थांबायचे. ज्या अन्नाला उपनिषदांनी ब्रह्म म्हटले तेच अन्न कोंडून ठेवले की जीव घेते. यापरता दृष्टांत आम्ही कुठून आणावा?

आता पेवे बुजली. बळदे नव्या घरात बांधत नाहीत. शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, ते लातूरच्या आडतीवर जाते, पैसा घरी येतो आणि त्या पैशाने आठवडी बाजारातून दाणे येतात. यात पाप काही नाही. पण शेतकऱ्याच्या घरात पंधरा दिवसांचे धान्य नसावे, ही गोष्ट मात्र आमच्या मनाला लागते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची भुई हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची मणामणाची माती. ती घरे उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार. त्या एका घटकेत त्यांचीच थडगी झाली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या घरांतून धान्य नव्हते काय? कणग्या होत्या, उतरंडी होत्या, सणाचा शिधा होता. सगळे दगडाखाली! वाचलेल्यांच्या पोटात पहिला घास गेला तो आसपासच्या गावांनी फडक्यात बांधून आणलेल्या भाकरीचा. म्हणजे ज्याची बेगमी त्याच्याच कामी येईल असा नेम नाही. आज आपण भरलेली कणगी उद्या शेजारच्या गावाची असेल, आणि त्यांची आपली.

पाण्याचेही तेच. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण आटले. लातुरात पाणी वाटण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. एकनाथ महाराजांनी काशीची कावड रामेश्वराला नेताना वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातली, असे चरित्रकार सांगतात. ती कावड म्हणजे साठवलेलेच पाणी होते. नाथांनी ते मैलोगणती जपून आणले, थेंब सांडू दिला नाही, आणि वेळ आली तेव्हा हात आखडला नाही. जपणे आणि देणे ही दोन्ही एकाच माणसाची कामे आहेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा उलट प्रकार दिसला. ज्याच्या गाठीला पैसा त्याने दुकानातून पोतीच्या पोती उचलली, आणि रोजच्या मजुरीवर पीठ आणणारा रिकाम्या पिशवीने परतला. ऐनवेळी धास्तीने भरलेले घर ही बेगमी नव्हे, ती दुसऱ्याच्या ताटातली उचल. त्याच वेळी नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वारात चार हजारांच्या आसपास यात्रेकरू अडकले होते, बहुतेक पंजाबचे. त्यांना महिनाभर लंगरने जेवू घातले. लंगरची कोठी आधीपासून भरलेली होती आणि दार कधी लावलेले नव्हते. आपल्या शेजारच्या धर्मबंधूंकडून हे शिकायला आम्हांस संकोच वाटत नाही.

आता किती ठेवावे? पाच माणसांच्या घराला माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरले तर पंधरा दिवसांना सदतीस-अडतीस किलो होते. सोबत डाळ, तेल, मीठ, गूळ. हे सुगीला हळूहळू भरावे, जुने आधी खावे, नवे मागे ठेवावे. दाणे कडक वाळवून कडुलिंबाचा पाला घातला की कीड आटोक्यात राहते. प्यायला आणि रांधायला माणशी सात लिटर पाणी धरले तर तीन दिवसांना शंभराच्या वर लिटर, म्हणजे अर्धे पिंप. ते झाकून ठेवावे, नाहीतर डासांची पैदास होऊन डेंग्यू घरी येतो. दर आठवड्याला ते पाणी वापरून पिंप घासावे व पुन्हा भरावे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ भागात घरांत पाणी शिरले, तेव्हा खालच्या पोत्यांचा काय उपयोग? म्हणून सारे एकाच जागी नसावे. काही वर माळ्यावर, आणि भूकंपाच्या पट्ट्यात थोडे घराबाहेर, गोठ्यात. बॅटरी, काडेपेटी, म्हाताऱ्यांच्या रोजच्या गोळ्या, रेशनकार्ड, सातबारा हे एका पिशवीत दाराजवळ टांगलेले बरे.

आणि एक मागणे मायबाप वाचकांपाशी. आपल्या गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. घरटी ज्वारी-गहू गोळा होतो, काल्याच्या पंक्ती उठतात आणि दरवर्षी काही पोती उरतात. ती विकून पुढच्या मंडपाची सोय होते. त्यातली चार-पाच पोती देवळाच्या कोरड्या खोलीत, फळीवर, गावाच्या अडीअडचणीसाठी ठेवायला काय हरकत आहे? पुढच्या सप्ताहाला ती पंक्तीत वापरावी, नवी ठेवावी, म्हणजे दाणा जुना होत नाही. कोणाला द्यावे याची चौकशी दारात उभी करू नये. जात, भावकी, मागचे भांडण तर मुळीच काढू नये. किल्ल्या दोन कराव्यात. एक विणेकऱ्याकडे असू द्या. दुसरी गावातल्या अशा एखाद्या माउलीकडे द्या, जिने स्वतः कधीतरी शेजारणीकडे पसाभर पीठ उसने मागितले आहे.