तोट्यातला भागीदार

२०२३ च्या आरंभी नाशिक जिल्ह्यात लाल कांद्याचे भाव कोसळले. तेव्हा राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आणि विक्रीची पावती आवश्यक होती.

सार्वजनिक पैशाला पुरावा हवाच. त्यात गैर काही नाही. परंतु निम्म्या वाट्याने जमीन कसणाऱ्याचा करार बहुधा तोंडी असतो आणि सातबारा मालकाच्या नावे असतो. भाव पडला की तोटा दोन्ही घरांत शिरतो; अनुदान मात्र एकाच खात्यात जमा होते.

“सरकारने ते मला दिले” असे मालक म्हणेल, आणि तोही कर्जाने गांजलेला असेल. तथापि, हे पैसे जमिनीबद्दल नव्हे, पिकाच्या पडलेल्या भावाबद्दल मिळाले. तो फटका ज्याने ज्या प्रमाणात सोसला, त्याचा भरपाईत त्याच प्रमाणात वाटा आहे. वाटेकऱ्याला तो देणे हा दानधर्म नव्हे. ते त्याचे देणे आहे. सरकारी नोंदीत त्याचे नाव नसले, तरी आपल्याला ते ठाऊक असते.