आडोसा

'प्रायव्हसी'ला मराठीत शब्द कोणता, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. 'गोपनीयता' म्हणावं तर राजभवनात शपथ घेणारे मंत्री डोळ्यांपुढे उभे राहतात. 'एकांत' म्हणावं तर एक तर ऋषिमुनी आठवतात, नाही तर नुकतीच लग्नं झालेली जोडपी. आमच्या वाड्यात यासाठी एक साधा शब्द होता. आडोसा! मोरीला आडोसा असे, बाळंतिणीच्या खाटेला आडोसा असे. सामग्री म्हणाल तर एक जुनेर, दोन खिळे आणि हातभर सुतळी. पलीकडे कोण आहे आणि काय चाललं आहे, हे सबंध वाड्याला पाठ असे. तरीही जुनेर बाजूला सारून कुणी डोकावत नसे. डोकावण्यासारखं काही नव्हतं म्हणून नव्हे. डोकवायचं नसतं म्हणून.

हे सारं आठवायला कारण माझा मेहुणा. हा गृहस्थ घरात आलेल्या कुठल्याही वस्तूचा खोका टाकत नाही. त्याच्या माळ्यावर मिक्सरपासून दाढीच्या यंत्रापर्यंत सर्वांचे खोके चढत्या भाजणीनं रचलेले आहेत. मागच्या वर्षी स्वारगेटला बसमध्ये चढताना त्याचा फोन कुणी तरी लांबवला, तेव्हा त्या खोक्यांचा उद्धार झाला. फोनच्या खोक्यावर पंधरा आकड्यांची एक पट्टी असते. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत आणि हा आकडा त्यानं सरकारच्या 'संचार साथी'वर भरला. तीन महिन्यांनी फोन चक्क परत आला. चोराकडून विकत घेणाऱ्यानं त्यात स्वतःचं सिम घातलं होतं, आणि घातल्या घातल्या फोननं त्याची चहाडी केली होती. तेव्हापासून मेहुणा या पंधरा आकड्यांचा कीर्तनकार झाला आहे.

"भाऊजी, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा!"

मी दाबलं. पडद्यावर एक लांबलचक आकडा उगवला, आणि त्याच्याखाली आणखी एक. माझा फोन दोन सिमांचा असल्यामुळे त्याला असे दोन क्रमांक आहेत म्हणे. एक माहेरचा, एक सासरचा. या क्रमांकाला आयएमईआय म्हणतात. त्यातले पहिले आठ आकडे फोनचं घराणं सांगतात, म्हणजे कंपनी आणि मॉडेल. पुढचे सहा त्या एकट्या फोनचे. पंधराव्याचं काम इतकंच, की आधीचे चौदा नीट उतरवले आहेत की नाहीत ते पाहायचं. चौदाजण राबायला आणि पंधरावा मुकादम, ही पद्धत आपल्याकडे काही नवी नाही. फोन टॉवरकडे हजेरी लावतो तेव्हा सिमच्या जोडीला हा आकडाही तिकडे कळतो. तुम्ही सिम बदला, कंपनी बदला, गाव बदला. तो सदरा बदलण्यातला प्रकार झाला. पाठीवरचा तीळ जागच्या जागी.

एरवी मी हे ऐकून सोडून दिलं असतं. पण वाचायची वाईट खोड. वाचत गेलो तसतसं लक्षात आलं, की हे तीळ फक्त फोनला नसतात. १९९९ साली इंटेल कंपनीनं पेंटियम थ्री या चिपमध्ये प्रत्येकीचा वेगळा क्रमांक घातला आणि संगणकातल्या इतर प्रोग्रॅमांना तो वाचता येईल अशी सोय करून ठेवली. अमेरिकेत लोकांनी बहिष्काराचा पुकारा केला, तेव्हा पुढच्या चिपांतून कंपनीनं तो काढून टाकला. रंगीत लेझर प्रिंटरची कथा आणखी सुरस. त्यांतले कित्येक प्रिंटर छापलेल्या पानावर नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक पिवळे ठिपके उमटवतात. २००५ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनच्या लोकांनी झेरॉक्सच्या एका प्रिंटरचे ठिपके निळ्या उजेडात भिंगाखाली धरून वाचून दाखवले. त्यात यंत्राचा अनुक्रमांक होता, तारीख होती, वेळसुद्धा होती. हेतू खोट्या नोटा छापणाऱ्यांना धरण्याचा, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. पण त्याच यंत्रावर सोसायटीच्या सेक्रेटरीविरुद्ध निनावी पत्रक छापणाऱ्या सज्जनालाही ही हळद लागायचीच!

मला सर्वांत आवडली ती लंडनची कचरापेटी. तिथल्या 'सिटी' भागात रस्त्याकडेला जाहिरातींचे पडदे बसवलेल्या कचरापेट्या होत्या. शेजारून जाणाऱ्याच्या खिशातला फोन, आसपास ओळखीचं वाय-फाय आहे का अशी साद घालत असतो, आणि त्या काळी साद घालताना आपला कायमचा पत्ता सांगून टाकत असे. २०१३ साली त्यांतल्या काही पेट्या हे पत्ते टिपून ठेवू लागल्या. कोण गेला, परत कधी आला, असं सगळं. बातमी फुटल्यावर ऑगस्ट महिन्यात तिथल्या नगरपालिकेनं ते बंद करायला लावलं. पुढे २०१४ पासून ॲपलनं आणि मग इतरांनीही फोनला साद घालताना खोटं नाव सांगायला शिकवलं. आपल्याकडे रस्त्यात माणूस माणसाला ओळख देत नाही, आणि तिथे उकिरडा ओळख ठेवून होता, याचं मला कौतुकच वाटलं.

मेहुण्याला वाटलं नाही. "पण भाऊजी, तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

हा प्रश्न मोठा वाईट. 'आहे' म्हणावं तर सौ. कान टवकारते. 'नाही' म्हणावं तर चाळीस वर्षांच्या आयुष्याचा हिशेब फारच फिका दिसतो. शिवाय 'नाही' म्हटलं की वाद संपला असं तो समजतो. खरं तर तो तिथे सुरू व्हायला हवा.

मी त्याला वाड्यातल्या काकांची गोष्ट सांगितली. आमचे काका पंचांगाबाहेर पाऊल न टाकणारे. एकदा ते आर्यभूषण थिएटरात तमाशाला गेले. मध्यंतरात चहाच्या टपरीवर वळून बघतात तो समोर वाड्याचे मालक! दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि त्याच क्षणी दोघांनीही पाहिलं नाही. पुढे चाळीस वर्षं एका नळावर पाणी भरलं, भाड्यावरून कोर्टात गेले, पण टपरीचा विषय दोघांपैकी एकानंही काढला नाही. बघणारा स्वतःही बघितला गेला होता. वाड्यात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं कळे, हे खरं. पण ज्याला माझं कळे, त्याचंही मला कळे. आणि माणसं विसरत. काही खरोखरच विसरत, काही शहाणपणानं.

कचरापेटी तमाशाला जात नाही हो! तिचं काही मला ठाऊक नाही, ठाऊक होण्याचा संभव नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं, की हा आडोसा आपला मूलभूत हक्क आहे. ते वाचून मला बरं वाटलं. पण मला जुनेराची सवय. टॉवरपुढे ते कुठे टांगायचं, हे काही समजेना.

"म्हणजे माझा फोन मिळाला नसता तर बरं झालं असतं का?" मेहुण्यानं विचारलं. हाही प्रश्न खोटा नव्हता. बत्तीस हजारांचा फोन, हप्ते चालू, आणि त्यात त्याच्या आईचे शेवटचे फोटो. ते ज्या आकड्यांमुळे परत आले, त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. चहा घेऊन आम्ही विषय सोडून दिला.

तो पुन्हा निघाला तो सौ.च्या ओळखीतल्या एका मुलीमुळे. विदर्भातल्या एका गावाहून ती नवऱ्याचा मार खाऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी पुण्याला आली होती आणि नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहत होती. फोनमधलं मेहुण्याला कळतं असं ऐकून ती त्याला विचारायला आली. "दादा, मी सिम बदललंय. आता त्यांना कळायचं नाही ना?"

"फोन कुणी घेतला होता?"

"त्यांनीच. पावतीही त्यांच्याच नावाची."

"आणि खोका?"

"खोका घरीच राहिला."

मेहुणा काही बोलेना. मी पुष्कळ वर्षं त्याला ओळखतो, पण त्याला गप्प बसलेला त्या दिवशी पाहिला. खोका, पावती आणि 'फोन चोरीला गेला' असा एक अर्ज. पुढचं सगळं त्याला पाठ होतं. स्वतः तेच तर केलं होतं त्यानं. फोन चोराच्या हातात आहे की घाबरलेल्या बाईच्या, हे पंधरा आकड्यांपैकी एकालाही कळत नाही. मुकादमालाही नाही.

"ताई, तो आधी बंद कर," तो शेवटी म्हणाला.

बंद केलेला फोन परत धाडायचा ठरलं, म्हणजे चोरीचा सवालच नको. पोस्टानं पाठवावा तर स्पीड पोस्टच्या पाकिटालाही तेरा अक्षरी क्रमांक असतो, आणि कुठून निघालं ते त्यावरून कुणालाही बघता येतं. अखेर तिचा भाऊ येऊन घेऊन गेला आणि दोन साक्षीदारांसमक्ष त्यानं तो नवऱ्याच्या हातात ठेवला.

मेहुण्यानं मग आपला फोन, तोच, चोरांच्या मुलखातून परत आलेला, आईचे फोटो काढून घेऊन तिला दिला. "कुणी शोधत आलाच, तर आधी माझ्या नावावर येईल. येऊ दे," म्हणाला. मग माळ्यावर चढून त्याचा खोका काढला, पंधरा आकड्यांची पट्टी कात्रीनं नीट कापली आणि पावतीसकट तिच्या हवाली केली.

रिकामा खोका मात्र त्यानं पुन्हा माळ्यावर ठेवला.